दयेचा अर्ज आणि बागेतला फेरफटका

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने ‘आपले राष्ट्रपती’ हा विषय घेतला आणि रविवारी मला फोनवर भाषण म्हणून दाखवलं. तिसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. राष्ट्रपतींना वर्षातले चार महिने सुट्टी असते, हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणे नानाआजोबांनी पाठवलेल्या मेसेजमध्ये आहे. नाना म्हणजे माझे काका. तो मेसेज घरच्या ग्रुपवर आला होता, सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता आणि मी दोन्हीकडे न उघडता सोडून दिला होता. पोरगी तेच माईकवर बोलणार म्हटल्यावर उघडावा लागला.

मेसेज थोडक्यात असा: साहेब 340 खोल्यांच्या महालात एकटे राहतात, महिन्याला 5 लाख बिनकराचे घेतात, उन्हाळा सिमल्यात आणि हिवाळा हैदराबादेत काढतात, 26 जानेवारीला परेड बघतात आणि बाकी दिवस सरकार देईल त्या कागदावर सही करतात. आणि शेवटी: फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात पडतात, कारण साहेबांना बागेत फिरण्यातून सवड होत नाही.

आधी ‘साहेब’. 2022 पासून द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती आहेत. मेसेज किती जुना आणि किती हातांतून आलाय ते इथेच कळतं.

340 खोल्या आहेत, खरं आहे. पण त्या ‘राहायच्या’ नाहीत. त्यात कचेऱ्या, दालनं, पाहुण्यांच्या खोल्या सगळं आलं. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले तेव्हा व्हाइसरॉयच्या त्या अवाढव्य खोल्या त्यांना नको वाटल्या आणि ते बाजूच्या लहान भागात राहायला गेले. पुढच्या राष्ट्रपतींनी तोच भाग घर म्हणून वापरला. पगार 5 लाख आहे, तोही 2018 पासून, त्याआधी दीड लाख होता. बिनकराचा म्हणाल तर कोविंद यांनी 2021 मध्ये जाहीर भाषणात, महिन्याला पावणेतीन लाख करात जातात असं सांगितलं होतं. त्या आकड्यावर तेव्हा बरीच वादावादी झाली, त्यात मी पडत नाही.

सिमला-हैदराबादचे चार महिने हा तर निव्वळ कल्पनाविलास. सिमल्याजवळ मशोब्राला आणि सिकंदराबादजवळ बोलारमला राष्ट्रपतींची निवासस्थानं आहेत. तिथला मुक्काम दिवसांत मोजायचा असतो आणि सोबत फायली, अधिकारी, गाठीभेटी असं सगळं बिऱ्हाड जातं. 2023 पासून ही दोन्ही ठिकाणं सामान्य लोकांना बघायला खुली आहेत. म्हणजे नाना तिकीट काढून जाऊन येऊ शकतात.

आता सहीचं. इथे मला थोडं कबूल करावं लागतं, मनाविरुद्ध. अनुच्छेद 74 प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असतं आणि 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला उघड बंधनकारक केला. 44वीने एकदा फेरविचाराला परत पाठवण्याची मुभा दिली, एवढंच. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. त्याच वर्षअखेरीला अबू अब्राहम यांनी काढलेलं व्यंगचित्र प्रसिद्ध आहे: राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसलेत आणि तिथूनच अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देतायत. रबर स्टॅम्प म्हणणाऱ्यांचं हे आवडतं चित्र. पण नीट बघा, त्यातसुद्धा बिचाऱ्यांना धड आंघोळ करू दिलेली नाही!

अधिकार नसणं वेगळं आणि काम नसणं वेगळं. बँकेतल्या कॅशियरला कर्ज मंजूर करता येत नाही, म्हणून तो दिवसभर डुलक्या काढतो का? 22 मे 2005 ला कलाम मॉस्कोत होते. इकडे दिल्लीत रात्री मंत्रिमंडळाने बिहार विधानसभा बरखास्त करायचं ठरवलं, कागद फॅक्सने तिकडे गेला आणि मध्यरात्री सही झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असं कलामांनी नंतर लिहिलं. उलट बाजूनेही बघा. 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. कागद न वाचता असं होत नाही. समारंभांचं तर बोलायलाच नको. राजदूतांची अधिकारपत्रं, पद्म पुरस्कार, विद्यापीठांचे पदवीदान, परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्या. यात आराम वाटत असेल त्याने लग्नात दिवसभर दाराशी उभ्या राहिलेल्या वधूपित्याला विचारावं.

पण माझं डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीने. बागेत फिरण्यामुळे म्हणे दयेचे अर्ज पडून राहतात.

अर्ज कसा फिरतो ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी बघायचं होतं. तो राष्ट्रपतींच्या टेबलावर थेट जाऊन बसत नाही. जातो गृहमंत्रालयाकडे. तिथून राज्य सरकारला विचारणा होते, निकालपत्रं आणि कागद मागवले जातात, मग मंत्रालय आपला सल्ला जोडतं आणि फाइल राष्ट्रपती भवनात येते. अनुच्छेद 72 खाली माफीचा अधिकार राष्ट्रपतींच्या नावावर आहे, पण तिथेही सरकारच्या सल्ल्यानेच चालायचं. मुदत घटनेत कुठेही लिहिलेली नाही.

मग उशीर कुठे होतो? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणी. सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली 2006 मध्ये, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला 2014 मध्ये. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईमुळेच त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. ठपका ठेवला तो सरकारी यंत्रणेच्या बेफिकिरीवर. बागेचा उल्लेख नाही. त्याआधी 21 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालात 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, त्यातल्या बहुतेकांची अर्जाला लागलेल्या अवाजवी उशिरामुळे. अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणं हा त्या कैद्यावरचा छळ आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. हा निकाल वाचलेला माणूस असा विनोद करणार नाही.

राष्ट्रपती भवनातही फायली राहिल्या आहेत, हेही खरं. कलामांच्या पाच वर्षांत बहुतेक अर्ज निकालाविना पुढच्यांकडे गेले. पण त्यांनीच लिहून ठेवलंय की राष्ट्रपती म्हणून सर्वांत अवघड कामांपैकी हे एक होतं. त्यांनी अर्ज अडकवले हे चूक म्हणा, मी भांडणार नाही. आरामात होते म्हणून अडकवले असं म्हणू नका.

आणि घाई झाली की कशी होते तेही बघा. 29 जुलै 2015. याकूब मेमनची याचिका दुपारी सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली, त्याच दिवशी नवा दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे गेला. रात्री गृहमंत्री राष्ट्रपती भवनात. रात्री उशिरा प्रणव मुखर्जींनी अर्ज फेटाळला. पहाटे तीननंतर पुन्हा न्यायालय बसलं आणि सकाळी सातच्या सुमारास नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्या रात्री कुणाला झोप लागली असेल ते मला माहीत नाही. फेरफटका मात्र कुणी मारला नसावा.

भाचीने भाषण बदललंय. आता त्यात कोल्हापूर आहे, टबातलं चित्र आहे आणि ‘चार महिने’ नाहीत. हे सगळं मी नानांनाही फोन करून ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, मी कुठे वाचलं होतं? आलं, पुढे पाठवलं.”