उचलीची पावती

आमचा कट्टा म्हणजे अमळनेरच्या स्टँडमागच्या गल्लीतला, बंद पडलेल्या एका सायकल दुकानाचा ओटा. रात्री साडेनऊला समोरची चहाची टपरी आवरायला लागते, तेव्हा आमची बैठक भरते. परवाच्या बैठकीला विषय होता, मंडळाकडे उरलेले 38,400 रुपये.

मंडळाचे खजिनदार जिभाऊ. दरवर्षी उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर वाद होतो आणि दरवर्षी ताडपत्री घेतली जाते. यंदा जिभाऊंनी मोबाईल पुढे केला. त्यावर चार वर्षांच्या एका मुलीचा फोटो, नाकात नळी, खाली लाल अक्षरात ‘हिच्या हृदयाला छिद्र आहे, आपली मदत हिचा प्राण वाचवेल’, आणि त्याखाली पैसे पाठवायचा चौकोन. मुलगी आमच्याच भागातली. तिचा बाप हातगाडीवर केळी विकतो, आम्ही सगळे त्याला ओळखतो.

“ऑपरेशनले साडेतीन लाख सांगेल शे. आपला पैसा देऊन टाकू, उरलेल्यासाठी गावात फिरू,” जिभाऊ म्हणाले.

“माले नई पटस,” आप्पांनी लगेच मोडता घातला.

आप्पांबद्दल सांगायला हवं. बँकेतून रिटायर झालेले, आणि कट्ट्याच्या ठाम समजुतीप्रमाणे विप्रोचे शेअर बाळगून असलेले. विप्रो 1945 साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. तेव्हापासून कोणाच्या घरात किती शेअर आहेत, यावर गावात अंदाज चालतात. शेअर असल्याचं कोणी कबूल करत नाही, आप्पाही नाहीत. वर्गणी मात्र 51 रुपये.

“पैशाचा प्रश्न नाही,” आप्पा म्हणाले (सगळे हसले). “हे काम सरकारचं. तुम्ही झोळी फिरवली की सरकार सुटलं. एका पोरीचं ऑपरेशन होईल, मग पुढच्या पोरीसाठी पुन्हा झोळी. प्रताप शेठजींनी इथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं 1916 साली, पुढे कॉलेजला पैसा दिला. एकेका पोराची फी भरत बसले असते तर आज गावात काय राहिलं असतं?”

“म्हणजे आपण 38 हजारांत हॉस्पिटल बांधायचं?” जिभाऊ.

“मी असं म्हटलं नाही.”

“तुमचं भाषण संपेपर्यंत पोरगी राहील का, ते सांगा.”

इथे वाद नेहमीच्या वळणाने गेला असता, पण मेडिकलवाला मध्ये पडला. तो दुकान बंद करून उशिरा येतो आणि त्याला कट्ट्यावर सगळे ‘मेडिकल’च म्हणतात. त्याने विचारलं, “साडेतीन लाख कोणी सांगितले?”

सांगितले होते एका मोठ्या शहरातल्या खाजगी हॉस्पिटलने. नाव इथे लिहीत नाही. बाप एका ओळखीच्याच्या ओळखीने तिकडे गेला, काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं, तो घाबरून परत आला. सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा टेबल त्याच इमारतीत होता की नव्हता, त्याने पाहिलंच नाही. आत शिरताना चप्पल कुठे काढायची हे ज्याला विचारावं लागतं, तो टेबल कुठून शोधणार?

“रेशन कार्ड आहे ना त्याच्याकडे? मग त्याला ऑपरेशनचं बिल भरायचंच नाही,” मेडिकल म्हणाला. “महात्मा फुले योजनेत हृदयाची छिद्रं बसतात. 2024 च्या जुलैपासून कोणत्याही रंगाचं कार्ड चालतं, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. फक्त योजनेतलं हॉस्पिटल पाहिजे आणि आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटायला पाहिजे. 155388 ला फोन लावला तरी सांगतात.”

आप्पा ताठ बसले. “मी काय म्हणत होतो? 2012 ला योजना आली तेव्हा पहिल्या 8 जिल्ह्यांत धुळं होतं. आपल्या जळगावला सव्वा वर्ष वाट पाहावी लागली. तेव्हा राजीव गांधींचं नाव होतं, आता फुल्यांचं. पण आहे ना? मग झोळी कशाला?”

जिभाऊ गप्प झाले. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. माणूस चांगलं करायला निघालेला असतो आणि त्याला कोणी सांगतं की याची गरजच नाही, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं. मलाही वाटलं, चला, ताडपत्री.

मास्तर एवढा वेळ काही बोलले नव्हते. ते चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत बारा वर्षं होते. त्यांनी कप खाली ठेवला.

“माझ्या वर्गात एक पोरगा होता. पहिलीतला. खेळताना दहा पावलं पळायचा की खाली उकिडवा बसायचा. गुडघे छातीशी घेऊन. परत उठायचा, परत दहा पावलं, परत बसायचा. मी त्याला आळशी म्हणायचो. एकदा ओरडलोसुद्धा. त्याचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे असायचे, आणि मला खरंच वाटायचं जांभळंच खातो. पण जांभळं सप्टेंबरात कुठली?”

कोणी हसलं नाही.

“मग शाळा तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. डॉक्टरीणबाईंनी त्याची बोटं हातात घेतली. टोकं फुगलेली, नखं गोल, ढोलाच्या टिपरीच्या गोंड्यासारखी. छातीला नळी लावायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, हा खेळताना खाली बसतो का?”

मेडिकलने मान हलवली. “फॅलोज टेट्रालॉजी. एकात चार दोष. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, त्यामुळे अशुद्ध रक्त छिद्रातून सरळ अंगात जातं. उकिडवं बसलं की पायाकडच्या नळ्या दाबल्या जातात, तिकडचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. पोराला हे कोणी शिकवत नाही. त्याचं त्यालाच सापडतं.”

“मी त्याच्यावर ओरडत होतो,” मास्तर पुन्हा म्हणाले.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. जिल्ह्याला तपासणी झाली, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, मुंबईची तारीख मिळाली. खर्च शून्य. तारीख जानेवारीतली. आणि दिवाळीनंतर घराला कुलूप. आई, बाप, पोरगा, सगळे गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला.

“मी मुकादमाला, मजुरांची टोळी नेणाऱ्याला, फोन लावला. तो म्हणाला, घेऊन जा पोराला, माझी काय ना नाही. पण बापाने उचल घेतली आहे, मजुरीचे आगाऊ पैसे, 30 हजार. ती फिटल्याशिवाय तो आणि त्याची बायको फडावरून हलणार नाहीत. मग पोराला नेणार कोण? मी? हॉस्पिटलात सहीला आई-बाप लागतात. तारीख गेली. होळीला ते परत आले तेव्हा पोरगा घरापासून हापशापर्यंत चालू शकत नव्हता.”

“गेला का?” जिभाऊंनी हळूच विचारलं.

“नाही. पुढच्या वर्षी आम्ही शाळेतल्या चौघांनी उचल भरली. मुकादमाच्या हातात नेऊन दिली. त्या हंगामात ते गेलेच नाहीत, ऑपरेशन झालं. आता आठवीत आहे. रोज उशिरा येतो म्हणून त्याचे सर तक्रार करतात. पळत येतो म्हणे, पण उशिरा.”

थोडा वेळ टपरीवाल्याच्या भांड्यांचाच आवाज होता. मग मास्तर म्हणाले ते मला घरी गेल्यावरही आठवत राहिलं. “आम्ही एका ट्रस्टकडे गेलो होतो आधी. भले लोक होते. त्यांनी विचारलं, ऑपरेशनचं कोटेशन आणा, चेक हॉस्पिटलच्या नावे काढतो. मी म्हटलं ऑपरेशन फुकट आहे, उचल द्यायची आहे. ते म्हणाले, मुकादम पावती देईल का?”

खरं सांगायचं तर त्या ट्रस्टचंही मला चुकलं असं वाटत नाही. देणाऱ्याला करसवलतीसाठी 80जीची पावती हवी, ऑडिटरला कागद हवा, आणि वार्षिक अहवालात ‘25 मुलांवर शस्त्रक्रिया’ छापता येतं, ‘25 मुकादमांची देणी फेडली’ असं छापता येत नाही. आपण सगळेच दान देताना ऑपरेशन थिएटरचा दिवा बघतो. त्या दिव्यापर्यंत पोराला कोण घेऊन जातं, तेवढे दिवस घरची चूल कशी पेटते, हे फोटोत येत नाही.

आप्पा मात्र सोडायला तयार नव्हते. “म्हणजे योजना आहे, तरी झोळी पाहिजे?”

“योजना ऑपरेशनला आहे,” मेडिकल म्हणाला. “बापाच्या बुडालेल्या धंद्याला नाही. आधी दोन वेळा तपासणीला जायचं, मंजुरीची वाट पाहायची, मग भरती, मग महिनाभराने पुन्हा दाखवायला. केळीवाल्याच्या पोरीच्या बाबतीत तर एवढा वेळही नको. मोठं छिद्र असलं की फुप्फुसात रक्ताचा पूर येतो. म्हणून ती सारखी न्यूमोनियाने आजारी पडते, वजन भरत नाही. बरीच वर्षं तसंच चाललं तर फुप्फुसातल्या नळ्या कडक होतात, आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं. तेव्हा 10 लाख घेऊन गेलं तरी सर्जन हात लावत नाही. ती चार वर्षांची झाली आहे. आत्ता होईल म्हणालेत, हे नशीब.”

जिभाऊंना पुन्हा जोर आला. पण मेडिकलने त्यांचीही बाजू पूर्ण घेतली नाही, आणि हे मला आवडलं. तो म्हणाला, ऑपरेशनच्या पैशाचं दान वाया जातं असंही समजू नका. काही बाळांच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतःच उलट्या जोडलेल्या असतात. तिथे दिवसांचा हिशोब असतो, आयसीयूतले दिवस लांबतात, आणि पॅकेजचा आकडा तसा लांबत नाही. तिथे कोणाच्या तरी देणगीवरच गाडं निघतं. नव्या रायपूरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हृदयासाठीच. तिथे बिलाचा काउंटरच नाही. ते सगळं देणगीवर उभं आहे. आणि आपल्या भुसावळवरून नागपूरमार्गे हावड्याच्या गाडीत बसलं की सरळ रायपूर.

“मग आप्पा, ही तुमच्या प्रताप शेठजींचीच रीत झाली की,” मी म्हटलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी धर्मादाय हॉस्पिटलांचा विषय काढला. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, शिवाय बिलातले 2 टक्के गरीब रुग्णांच्या निधीत टाकावे लागतात, हायकोर्टाने तशी योजनाच लावून दिली आहे. हे त्यांना ट्रस्टच्या कायद्यातल्या कलमासकट पाठ होतं, 41एए. “त्या खाटा मागा. हक्काच्या आहेत,” ते म्हणाले. बरोबर होतं. पण मागायला कोण जाणार, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन बसला. केळीवाला कलम सांगणार का?

यानंतर वाद फोटोवर गेला. मास्तरांचं म्हणणं, तो फोटो आधी काढा. “उद्या ती शाळेत जाईल. पोरं तिला नळीवाली म्हणतील.” जिभाऊंचं म्हणणं, फोटोशिवाय गावात कोणी 10 रुपये देत नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि यावर काही ठरलं नाही. अजूनही तो फोटो तीन ग्रुपवर फिरतो आहे. माझ्या मावसबहिणीने तो नाशिकहून मलाच पाठवला.

साडेअकराला मेडिकलने खिशातून औषधाच्या डब्याचा पुठ्ठा काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. बापाचा धंदा रोज 500, दिवस 40. मुंबईत खोली किंवा धर्मशाळा. दोघांचं जेवण. मोठ्या पोराला घरी सांभाळायला आजी येणार, तिचं येणं-जाणं. रक्त देणारे चौघं, हे पैशात धरायचं नाही, पण माणसं आत्ताच शोधायची. जिभाऊंचा भाचा कल्याणला आहे, त्याला कामाला लावायचं. पोरीचं नाव रेशन कार्डावर चढलेलं नाही, ते सोमवारी तहसीलला जाऊन चढवायचं, तिथे आप्पा जाणार. आप्पांना हे कोणी सांगितलं नव्हतं, ते स्वतःच म्हणाले. वर हेही म्हणाले की वर्गणीत मात्र मला धरू नका.

“गाडीभाडं लिहा,” जिभाऊ म्हणाले. “खान्देश एक्स्प्रेसने जातील.”

“थांबा, भाडं योजनेत मिळतं,” आप्पा म्हणाले. “मी वाचलं आहे.”

“मिळतं,” मेडिकल म्हणाला. “एकदाच. हॉस्पिटलातून घरी यायचं. आणि फक्त पेशंटचं.”

“मग पेशंटचं तरी घ्या ना. किती होतं?”

मेडिकलने पुठ्ठ्यावर पेन टेकवलं आणि हसायला लागला. “आप्पा, ती चार वर्षांची आहे. पाच वर्षांखालच्या पोरांना रेल्वेत तिकीटच नसतं.”

पुठ्ठ्यावर त्या ओळीपुढे त्याने 0 लिहिलं, आणि आई-बापाच्या तिकिटांचे पैसे खालच्या ओळीत, मंडळाच्या नावावर.