हिशेब नको, खोका घ्या

पैसे भरले की कंपनीने निवडलेल्या वस्तू घेऊन दर महिन्याला घरपोच येणारा खोका, म्हणजेच सबस्क्रिप्शन बॉक्स, परवडतो की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही अजून पुरेसे खोके घेतलेले नाहीत. नेमाने घेणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांना पडतो तो निराळाच: एवढ्या छोट्या बाटल्या ठेवायच्या कुठे? तेव्हा गांगरून जाऊ नका. ठरवायचं कसं ते सांगतो. पद्धत अगदी सोपी आहे, आणि उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे वेळही फुकट जात नाही.

सुरुवात कार्डापासून करा. खोका उघडला की रंगीत पातळ कागदाच्या घडीवर एक जाड, गुळगुळीत कार्ड ठेवलेलं असतं. त्यावर आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव, दोन ओळींची स्तुती आणि पुढे किंमत. तळाशी ठळक अक्षरांत बेरीज, तुम्ही भरलेल्या पैशांच्या दुप्पट-तिप्पट. झाला हिशेब. तो तुम्हाला करावाही लागला नाही. विकणाऱ्याने स्वतः करून, छापून, वर फुलाचं चित्र काढून पाठवला. मालाची खरी किंमत माल विकणाऱ्यापेक्षा दुसऱ्या कोणाला जास्त ठाऊक असणार?

काही खोडसाळ लोक इथे थांबत नाहीत. त्यांची रीत सांगून ठेवतो, म्हणजे ती टाळता येईल. समजा, खोक्याचे तुम्ही शंभर मोजलेत. कार्डावर बेरीज अडीचशे. आत पाच वस्तू. हे लोक कार्ड उलटं ठेवतात आणि एकेक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारतात, की ही दुकानात समोर दिसली असती तर मी खिशातले पैसे काढून घेतली असती का, आणि कितीला? साबण घेतला असता, पस्तीसला. मेणबत्ती कार्डावर साठची आहे, पण आपण काही वीसच्या वर गेलो नसतो. केसांना लावायचं ते जे काही आहे, ते नाही. लिपस्टिकचा रंग आपला नाही. किल्ल्यांची कडी घरात आहेच, आणि आहेत तेवढ्या किल्ल्यांना पुरून उरते. पस्तीस अधिक वीस, पंचावन्न. म्हणजे शंभर देऊन पंचावन्नचा माल घरात आला. असली गणितं करणाऱ्याच्या घरात सुख टिकत नाही. शिवाय या पद्धतीत एक गंभीर दोष आहे: तिच्यातून उत्तर मिळतं.

छोट्या कुप्यांचं शास्त्र तर याहून सुंदर आहे. पन्नास मिलीच्या बाटलीची छापील किंमत घ्यायची, तिला दहाने भागायचं आणि आलेला आकडा पाच मिलीच्या कुपीपुढे लिहायचा. भागाकार बिनचूक असतो, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. ती मोठी बाटली वर्षातले किती दिवस सवलतीत मिळते, हे मात्र बघायला जाऊ नका. छापील किंमत छापण्यासाठीच असते.

या कुप्यांमागे मोठी परंपराही आहे. 2010 साली अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या दोन मैत्रिणींनी बर्चबॉक्स सुरू केला. महिन्याला 10 डॉलर भरा, सौंदर्यप्रसाधनांचे चार-पाच नमुने घरी येतील. प्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्या हे नमुने बहुतेक वेळा फुकट किंवा नाममात्र दरात देत, कारण नमुना ही त्यांची जाहिरातच. दाद द्यायला हवी. पूर्वी दुकानातली विक्रेती मागे लागून जी पुडी गिऱ्हाइकाच्या हातात कोंबायची, तिच्यासाठी गिऱ्हाईक आता आगाऊ पैसे भरू लागलं आणि वर आभारही मानू लागलं. आवळा देऊन कोहळा काढणं आपण ऐकून होतो. इथे आवळाही कोहळेवाल्याकडूनच घेतलेला.

तुम्ही म्हणाल, आम्हाला वस्तूंचं एवढं नाही, आम्हाला 'सरप्राइज' आवडतं. शाब्बास! हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण ते बोललं की सगळ्या चौकश्या बंद होतात. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर बरेच प्रयोग केले. चकतीवर ठरावीक वेळा चोच मारली की दाणा, अशी सोय असली तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी दुसऱ्या टोचणीला, कधी विसाव्या, असा बेभरवशाचा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावरही ते बिचारं किती तरी वेळ टोचत राहतं. तुमची गोष्ट अर्थातच वेगळी. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला ॲप वापरता येतं. मार्चचा खोका खरंच छान निघाला होता, म्हणून एप्रिल, मे, जून आणि जुलै या चार खोक्यांना तुम्ही संधी दिलीत, एवढंच.

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. कागदाच्या त्या कुरकुरीत गुलाबी पट्ट्या पुढचे कित्येक आठवडे सोफ्याखालून निघत राहतील, पण व्हिडिओत त्या फार गोड दिसतात.

नको असलेल्या वस्तूंची काळजी करू नका. 'कोणाला तरी द्यायला होईल' हे सूत्र अशा वेळी कामाला येतं. त्यासाठी कपाटातला एक खण मोकळा करा, मग दुसरा. तुमच्या ओळखीत ज्यांचा ज्यांचा वाढदिवस येईल त्यांना पेपरमिंटचं फूट क्रीम देत चला. त्यांच्याकडेही एक खण असतोच, आणि तो कशासाठी असतो हे तुम्हाला वर्षभरात, तुमच्या वाढदिवसाला कळेल.

आता एक धोक्याची सूचना. बाजारात काही खोके असे आहेत की त्यांच्यापासून चार हात लांबच राहिलेलं बरं. दाढीची पाती, लहान मुलांचे डायपर, कुत्र्या-मांजरांचं खाणं, असल्या रुक्ष वस्तूंचे. यांत सरप्राइज शून्य. काय येणार, किती येणार, बाहेर त्याच मालाला काय पडतं, सगळं उघड. दोन आकडे शेजारी मांडले की स्वस्त की महाग ते शाळकरी पोरालाही सांगता येतं. आणि वापराचा वेग जुळला तर हे खोके खरंच परवडतात, तेच तर वाईट. फक्त एक आशा आहे: कंपनीच्या मते तुमची दाढी तुमच्या मतापेक्षा जास्त वेगाने वाढते. त्यामुळे दर महिन्याला चार पाती आली आणि तुम्ही दोनच वापरलीत, तर वर्षाअखेरीस पात्यांचाही एक खण होतो. पाठवणीचं अंतर महिन्यावरून दोन महिन्यांवर नेण्याची सोय बहुधा सेटिंग्जमध्ये कुठे तरी असते. तिकडे बोट जाऊ देऊ नका.

मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने 2018 साली अमेरिकेतल्या ग्राहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की अशी सेवा घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक तीन महिन्यांच्या आत ती बंद करतात आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांच्या आत. बघा, काय ही धरसोड वृत्ती! यावर कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे वार्षिक प्लॅन. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरा, दोन खोके मोफत. निम्मे लोक सहा महिन्यांत कंटाळतात हे कंपनीला ठाऊक असतं, पण आपण त्या निम्म्यांत नाही याची प्रत्येकालाच खात्री असते, आणि हा प्लॅन त्या खात्रीवर चालतो. वर्षाचे पैसे आधीच भरलेत म्हणजे तुम्ही नुसतं गिऱ्हाईक राहत नाही. तुम्ही कंपनीचे सावकार होता, तेही बिनव्याजी. चित्रपट, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेमच्या चाहत्यांना गूढ खोके पाठवणाऱ्या लूट क्रेट या कंपनीने ऑगस्ट 2019 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा पैसे भरूनही ज्यांचे खोके यायचे होते अशा चाहत्यांना हा मान मिळाला. खोक्यात काय असेल याचं गूढ होतंच, त्यात खोका येईल का याची भर पडली. त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत.

एवढं करूनही तुमच्या मनात बंद करण्याचा विचार आलाच, तर आधी थोडा धीर धरा. धीर धरण्यात माणूस किती तरबेज आहे, हे स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली व्यायामशाळांच्या नोंदींवरून दाखवून दिलं. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी 4.3 वेळा व्यायामाला येत, म्हणजे एका खेपेला त्यांना 17 डॉलरहून जास्त पडत. तिथेच 10 खेपांचा पास घेतला असता तर खेपेला 10 डॉलर पडले असते. आणि शेवटचं तोंड दाखवल्यापासून सभासदत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ लोटत असे. त्या बिचाऱ्यांना निदान आपण जात नाही याची टोचणी तरी असेल. तुम्हाला तीही नाही. तुम्हाला कुठे जावं लागत नाही, खोकाच तुमच्याकडे येतो, आणि आला की 'या महिन्याचं तर झालंच आता, पुढच्या महिन्यात बघू' असं म्हणायला तारीख नेहमीच सोयीची असते.

हा धीर धंद्यात वापरण्याची युक्तीही काल-परवाची नाही. अमेरिकेतला बुक ऑफ द मंथ क्लब 1926 सालचा. तिथे लवकरच अशी रीत रुळली, की महिन्याचं पुस्तक परीक्षक निवडणार आणि नको असेल तर सभासदाने तसं कळवायचं. नाही कळवलं, तर पुस्तक आणि बिल दोन्ही हजर. 'हो' म्हणायला कष्ट पडतात म्हणून माणसं खरेदी करत नाहीत, तर मग 'नाही' म्हणायलाच कष्ट पडतील असं बघा. या रीतीला आवर घालायला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेला, 1973 साली खास नियम करावा लागला. हल्ली तर नकाराचं कार्ड पोस्टात टाकायचीही भानगड नाही. बँकेच्या कार्डाचा नंबर त्यांच्याकडे आहे, पैसे आपापले जातात.

तरीही ज्यांना बंद करायचंच आहे त्यांनी तयारीनिशी बसावं. 'सुरू करा' हे बटण पहिल्याच पानावर, तळहाताएवढं, हिरवंगार. 'रद्द करा' हे तीर्थक्षेत्र आहे, तिथे पोचायला पुण्याई लागते. आधी खातं, मग सेटिंग्ज, मग 'माझी सदस्यता', मग 'व्यवस्थापन', आणि तिथे फिकट करड्या अक्षरांत एक ओळ. ती दाबली की प्रश्न येतो: 'खरंच सगळे फायदे सोडून जाणार?' खाली दोन पर्याय. ठळक रंगात 'नाही, मी थांबतो'. आणि बारीक अक्षरांत 'हो, मला पैसे वाचवण्यात रस नाही'. तुम्ही पैसे वाचवायलाच आलेले असता, त्यामुळे गोंधळून ठळक बटण दाबता. सभ्य माणसाचं असंच होतं.

मोठ्या घरांतही हेच रीतिरिवाज. ॲमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वातून बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असं फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली कोर्टात म्हटलं. कंपनीत या वाटेला म्हणे 'इलियड' म्हणत, त्या दहा वर्षांच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या नावावरून. निदान कोणाचं तरी वाचन चांगलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान, जेवढ्या सहज सदस्य होता येतं तेवढ्याच सहज बाहेर पडता यावं, असा सर्वांसाठीचा नियम याच कमिशनने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केला होता. जुलै 2025 मध्ये, तो पूर्णपणे लागू व्हायला काही दिवस उरलेले असताना, अपील कोर्टाने कार्यपद्धतीतल्या चुकीवरून तो रद्द केला. या प्रांतात काही तरी झटक्यात रद्द होऊ शकतं, हे त्या निमित्ताने सिद्ध झालं.

समजा, तुम्ही हा गड सर केलात. दोन-तीन आठवड्यांत एक ई-मेल येईल. विषय: 'तुमची आठवण येते'. आत तुमचं नाव, एक रडवेला चेहरा आणि पुढचे तीन खोके निम्म्या किमतीत. यात परवडण्याचा प्रश्न आपोआप सुटला, कारण तोच खोका निम्म्या किमतीत द्यायला कंपनी तयार आहे. म्हणजे सगळ्यात शहाणा मार्ग असा: घ्या, सोडा, रुसून बसा, मग परत घ्या. फक्त जी मंडळी गेली तीन वर्षं निमूट पूर्ण किंमत भरताहेत त्यांच्यासमोर हा विषय काढू नका. त्यांना परवा कंपनीकडून निष्ठावंत ग्राहक म्हणून भेट आली आहे. किल्ल्यांची कडी.