‘गॅलरीत चहा पीत सल्ले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डोंबिवलीत घर घेताना कुठला भाग कसा आहे, यावर मी लिहिलेल्या लेखावर ‘वैतागलेला खरेदीदार’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. डोंबिवली पश्चिमेला मी चार ओळींत गुंडाळलं, कल्याण-शीळ रोडवरच्या पलावा या मोठ्या वसाहतीला डोंबिवलीत धरलंच नाही, आणि ‘कागद नीट तपासा, शहरालगतच्या सत्तावीस गावांत जपून’ हा माझा सल्ला काही कामाचा नाही, कारण बनावट परवानगीवर उभ्या राहिलेल्या त्या ६५ इमारतींकडे रेरा नंबरही (गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) होता आणि लोकांना बँकेचं कर्जही मिळालं होतं, असं त्यांचं म्हणणं. इथवर ठीक. मतभेद असायचेच. पण शेवटी हे महाशय लिहितात, ‘फडके रोडच्या गॅलरीत चहा पीत सल्ले देणं सोपं असतं. ज्याचं बजेट चाळीस लाख आहे त्याने जायचं कुठे?’

आधी गॅलरीचं बघू. माझं घर स्टेशनजवळच्या फडके रोडला नाही. टिळकनगरच्याही पलीकडे आहे, आणि त्याला गॅलरी नाही. होती ती आधीच्या मालकाने ग्रिल ठोकून खोलीत घेतली. चहा मी उभ्यानेच पितो, कारण सकाळची फास्ट लोकल पकडायची असते. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, माझा पगार तुम्हाला ठाऊक नाही, आणि तरी मी कुठे बसून काय पितो हे ठरवून मोकळे झालात. हा कुठला न्याय?

आमचे वडील गिरगावच्या चाळीतून इथे आले तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकाच जन्माला आलेली नव्हती, ती १९८३ची. गिरगावातल्या एका खोलीत आजी, दोन काका, लग्नाची आत्या आणि आम्ही. डोंबिवलीत आयरे रोडला भाड्याची वन रूम किचन मिळाली, तर आईला वाटलं बंगला मिळाला. नळाला पाणी पहाटे यायचं आणि पिंपं भरेपर्यंत जायचं. वारसाहक्काने मला मिळालं असेल तर ते पिंप. अजून आहे, माळ्यावर.

माझं पहिलं स्वतःचं घर कुठे होतं सांगू? नांदिवलीला. म्हणजे त्याच सत्तावीस गावांत, जिथे मी इतरांना ‘जपून’ म्हणतो. ही गावं २००२ साली महापालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ला परत आत आली. मधल्या काळात ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर भराभर इमले उठले. आमचाही त्यातलाच. पतपेढीचं कर्ज, पीएफमधून उचल, सगळं घातलं. बिल्डर ‘ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येतेय, येतेय’ म्हणत राहिला आणि एक दिवस फोन उचलेनासा झाला. सोसायटी नोंदवता येईना, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, लिफ्टच्या खड्ड्यात डासांची पैदास. विकायला काढलं तर कुठलीच बँक गिऱ्हाइकाला कर्ज देईना. शेवटी रोख पैसे असलेला एक माणूस भेटला आणि तो म्हणेल त्या किमतीला देऊन टाकलं. तेव्हा ‘जपून’ हा शब्द मी हवेतून काढलेला नाही. तुम्हाला तो तुच्छतेचा वाटला, त्याला माझा इलाज नाही.

आणि हो, तेव्हा नांदिवलीला का घेतलं? कारण तेवढंच परवडत होतं. आता यावर तुम्ही ‘बघा, मी तेच म्हणतोय’ असं लिहाल. लिहा. मी चुकीच्या जागी पैसे घातले म्हणून तुम्हीही घालावेत, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता त्या ६५ इमारती. मुद्दा गंभीर आहे हे मान्य, फक्त तो तुम्ही मला शिकवायच्या सुरात मांडलात. महापालिकेच्या नावाची बनावट बांधकाम परवानगी तयार करायची, ती महारेराच्या संकेतस्थळावर चढवायची आणि नोंदणी क्रमांक मिळवायचा, असा तो प्रकार होता. हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४मध्ये त्या पाडायचा आदेश दिला, पुढे सरकारने रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही असं सांगितलं. पण माझा लेख पुन्हा वाचा. ‘रेरा नंबर बघा आणि निश्चिंत व्हा’ असं मी कुठे लिहिलंय? परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, तो तिथल्या नोंदीत आहे का विचारा, उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, असं लिहिलंय. ‘सामान्य माणसाला तिथे कोण उभं करतं?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. मला उभं केलं होतं. दुसऱ्या खेपेला, पण केलं. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणाऱ्याला रजा टाकायची तयारी नसेल, तर राग माझ्यावर कशाला?

एक मात्र तुमचं बरोबर. पश्चिमेला मी कमी जागा दिली. विष्णुनगर, गुप्ते रोड, दीनदयाळ रोड हे भाग स्टेशनला खेटून आहेत, बाजार हाताशी आहे, आणि पूर्वेच्या मानाने तिथे अजून थोडी शांतता आहे. माणकोलीच्या पुलामुळे मोठागाव ठाण्याच्या जवळ आलंय, तेही खरं. पुढच्या लेखात चार ओळींच्या आठ करीन. मात्र कोपरला स्टेशन आहे म्हणून जे जाहिरात करतात त्यांना विचारा, तिथे फास्ट थांबते का? ठाकुर्लीलाही नाही. हे मी लिहिलं होतं, ते तुम्ही सोयीने गाळलंत.

एमआयडीसी (औद्योगिक वसाहत) निवासी विभागाबद्दल मी ‘भीती घालतो’ म्हणता. तिथल्या कारखान्यात २०१६च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२४च्या मे महिन्यात पुन्हा झाला. दोन्ही वेळा लांबच्या इमारतींच्या काचा गेल्या. हे लिहिणं म्हणजे भीती घालणं असेल तर घालतो.

पलावाचं मी काही बोलत नाही. बागा छान, रस्ते छान, संध्याकाळी कल्याण-शीळ रोडवरून घरी पोचून दाखवा, मग तुम्ही म्हणाल ते. पलावाजवळच्या निळजे स्टेशनच्या गाड्यांचं वेळापत्रकही एकदा बघून घ्या.

चाळीस लाखांचं उत्तर मी भागवार भाव देऊन दिलेलं नाही आणि देणारही नाही. आज लिहिलेला भाव दिवाळीपर्यंत शिळा होतो, आणि मग ‘तुम्ही तर एवढाच लिहिला होता’ म्हणून एजंटाच्या आधी माझ्याशीच भांडण. यापुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तर छापीन. या नावाने आली तर नाही.