मासोळ्या, छोट्या बघून

"येताना मासोळ्या घेऊन ये. छोट्याच बघ. चकचकीत हव्यात, काळवंडलेल्या नकोत," एवढं बोलून मावशीने फोन ठेवला. घरात लग्न, तिच्यामागे सतरा कामं. उद्यापासून सोवळंओवळं सुरू, तेव्हा आज रात्री शेवटचं खाऊन घ्यायचा बेत असणार, असा मी हिशेब केला आणि पिशवी घेऊन मासळीबाजार गाठला.

"मासोळ्या आहेत का?"

कोळणीने मान वर केली. "नाव सांग ना दादा. मांदेली देऊ? मोतकं? पेडवे?"

"मासोळ्या. लहान."

"सगलं लहानच हाय."

तेव्हा उमगलं, की बाजारात मासोळी नावाचा मासाच नसतो. मासोळी म्हणजे नुसताच लहान मासा. टोपलीत पडला की त्याला आडनाव लागतं. तुकोबांची मासोळी पाण्यावाचून तळमळते, तिची जात कुणी विचारली नाही. इथे मात्र मागे चार गिऱ्हाइकं तळमळत होती. मी सोनेरी मांदेलीच्या वाट्याकडे बोट दाखवलं आणि उगाच चोखंदळपणा म्हणून म्हणालो, "माशांवर माशा बसल्यात."

"मग काय मोर बसतील?"

यात चूक भाषेची आहे. मत्स्यचं प्राकृतात मच्छ झालं. हिंदीने तो छ जपून मछली केली, आपण त्याचा स केला, इक्षूचा ऊस केला तसा. इथवर ठीक. पण मक्षिकेचीही माशी करून ठेवली, आणि मासा 'माशा' होऊन चालू लागला की कोण पोहतंय आणि कोण घोंघावतंय, ते संदर्भावरून ओळखायचं.

घरी मावशीने पिशवी उघडली. आत डोकावली. माझ्याकडे बघितलं.

"अरे मेल्या, नवरीच्या पायात घालायच्या मासोळ्या! जोडव्यांबरोबरच्या! चांदीच्या!"

मागे कुणीतरी "मांदेली घालू दे की पायात" म्हणालं. तो माझा सख्खा भाऊ होता.

पिशवी तशीच हातात कोंबून तिने मला सराफाकडे पिटाळलं. म्हातारे सराफ गप्पिष्ट. मासोळ्या काट्यावर ठेवत म्हणाले, "पूर्वी हे माशांवर तोलायचे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा."

मी दचकून पिशवी मागे घेतली. "तो मासा वेगळा हो," ते हसले, "माष म्हणजे उडीद, त्याच्यावरून आलेला." मग पेटी काढली आणि विचारलं, "किती देऊ?"

"एक वाटा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, नाकाने हवा हुंगली आणि पोऱ्याला हाक मारली, "अरे, पंखा लाव जरा."