किट कारच्या ब्रेकबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. घरी बांधलेली गाडी आमच्या भांडुपच्या गॅरेजात रोज येत नाही, पोरं हातातली कामं टाकून बघायला जमली होती, त्यामुळे तुमची गाडी इथे सगळ्यांना आठवते. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात: चाकं बसवून दिली नाहीत, कॅलिपरला (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा जबडा) जरासा ग्राइंडर मारायलाही नकार दिला, ब्रेकचं पेडल खाली जातं ते आमच्या कच्च्या कामामुळे, आणि रस्त्यावर ट्रायल दिली नाही.

आधी चाकं. तुमचे पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्विफ्टचे, पीसीडी 4 बाय 100. म्हणजे चारही स्टड (चाकाचे बोल्ट) 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर. कुर्ल्याहून तुम्ही आणलेली अलॉय चाकं फियाटची, 4 बाय 98. दोन मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, घात तिथेच होतो. रिम जरा दामटली की स्टडवर चढते, नटही हाताला घट्ट लागतो. पण प्रत्येक भोक केंद्राकडे एकेक मिमी सरकलेलं आहे, त्यामुळे नटाचा उतार एका कडेलाच टेकतो आणि चालत्या गाडीत सैल पडतो. त्यात फियाटच्या रिमचं मधलं भोक 58.1 मिमी आणि स्विफ्टच्या हबचा उंचवटा 54.1, म्हणजे भोवती दोन-दोन मिमी मोकळं. चाकाला मध्यावर धरायला हबही नाही आणि नटही नाही. ‘मी घरी बसवून बघितलं, नीट बसतं’ असं तुम्ही लिहिलंय. दोन स्टडच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस अडकला होता, तो मी तुमच्यासमोर नखाने काढला होता. रिमची भोकं रेतून मोठी करून देणारे मुंबईत मिळतील. आम्ही ते काम घेत नाही.

मग तुम्ही म्हणालात, तुमच्याकडची 4 बाय 100 लावा. आमच्या माळ्यावरची 13 इंची रिम काढली, टायर न चढवता. कॅलिपरच्या पाठीवर पोरांच्या खेळण्यातली क्ले थापली, रिम लावून हाताने फिरवली. तिथे निदान 3 मिमी जाडीची क्ले उरली तर मी पुढे जातो. तुमच्या कॅलिपरवर ती पार निघून खालचं लोखंड दिसत होतं, रिमला आतून काळा ओरखडाही आला. हे व्हायचंच होतं. तुम्ही घेतलेली डिस्क आणि कॅलिपर ज्या गाडीची आहेत ती कारखान्यातून 14 इंची चाकांवर येते.

स्पेसरचाही आग्रह होता. स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती. ती चाकाला बाहेर ढकलते, कॅलिपर स्पोकला घासत असेल तर तिचा उपयोग. इथे कॅलिपरची पाठ रिमच्या पोटाला लागते. चाक कितीही बाहेर काढलं तरी रिमचा घेर वाढणार नाही.

राहिला ग्राइंडर. ओतकामाची शिवण किंवा एखादं टोक असतं तर मीच कानस मारून दिली असती. पण तुम्हाला हवे होते पाठीवरचे चार मिमी, आणि कॅलिपरचा सगळा जोर त्या पाठीवरच येतो. हिशोब करून बघा. पिस्टन 51 मिमीचा धरला तर क्षेत्रफळ साधारण 20 चौरस सेंटिमीटर. करकचून ब्रेक दाबल्यावर लाइनमध्ये 70 बारच्या आसपास दाब गेला, तर पिस्टनवर जोर होतो जवळपास दीड टन. तेवढ्याच जोराने कॅलिपरचा जबडा उघडायला बघतो, आणि त्याला आवरून धरते ती ही पाठ. ती पातळ केली की आधी पेडल स्पंजासारखं लागतं, नंतर तडा जातो. एका रिमपायी मी ते करणार नाही, उद्या अजून एक स्टार कमी झाला तरी.

उपाय तेव्हाही सांगितला होता, रिव्ह्यूमध्ये तो आलेला नाही. एकतर 14 इंची, 4 बाय 100 रिम घ्या. नाहीतर 13 इंची चाकांवर आलेल्या एखाद्या छोट्या गाडीचे ब्रेक नकलसकट (हब धरणाऱ्या भागासकट) बसवा. तुमची गाडी स्विफ्टपेक्षा कितीतरी हलकी आहे, तिला एवढ्या मोठ्या डिस्कची गरजच नाही. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची गाडी 13 इंची चाकांवरच शोभते, इथे तुमच्या डोळ्याला माझी दाद आहे. म्हणून मला दुसरा पर्याय जास्त पटतो.

आता पेडल, आणि हे कृपया नीट वाचा. कॅलिपर तुम्ही घरून बसवून आणले होते, आम्हाला काम दिलंत फक्त एअर (ब्रेकच्या लाइनमधली हवा) काढायचं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता, त्यामुळे ब्लीड निपल (हवा सोडायची तोटी) खालच्या बाजूला आले होते. हवा वर जमते, निपल खाली, मग बाटलीभर ब्रेक ऑइल ओतलं तरी हवा आतच राहणार. अदलाबदल करू का विचारलं, तर तुम्हाला घाई होती. म्हणून दोन्ही कॅलिपर उतरवले, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा धरला, निपल वर करून एअर काढली, परत चढवले. लेबर जास्त लागलं ते या उतरव-चढवीचं. गाडी गेली तेव्हा पेडल कडक होतं, तुम्ही स्वतः दाबून पाहिलंत.

आता तुमच्या रिव्ह्यूमधला फोटो. इथून गेले तेव्हा कॅलिपर काळे होते, फोटोत ते लाल आहेत. निपल अजूनही खालीच. म्हणजे रंगासाठी होज पाइप सुटला आणि हवा परत शिरली. फोटो मोठा करून बघा, बँजो बोल्टच्या (होज पाइप कॅलिपरला जोडणारा बोल्ट) खाली लाल रंग फुगून सोललाय. ब्रेक ऑइल रंग खातं. तिथून ते झिरपतंय, बहुधा जुनी तांब्याची वॉशर तशीच परत लावल्यामुळे. ही गाडी सोसायटीच्या आवारातसुद्धा चालवू नका.

ट्रायलचं दोन वाक्यांत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 39: नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. एलबीएस रोडवर ती मी काढणार नाही आणि माझ्या पोरांनाही काढू देणार नाही.

गाडी ट्रेलरवर घालून आणा. कॅलिपर घरी सोडवू नका, तसेच राहू द्या. उजवा-डावा जागेवर लावून, नव्या वॉशर टाकून, डॉट 4 ब्रेक ऑइल भरून एअर काढू. लेबर एकदाचंच, आकडा काम सुरू करण्याआधी कागदावर देतो. नवीन रिम घेणार असाल तर आधी एकच आणा, तीही टायर न चढवता. क्ले इथे आहे.