सेचेन्यी घराणं: ‘भूदासांच्या घामाचा पैसा’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की, इश्तवान सेचेन्यी या ज्या हंगेरियन उमरावाची इस्टेट भूदासांच्या (जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या) घामावर उभी होती, त्याने १८२५ मध्ये एका वर्षाचं उत्पन्न हंगेरीच्या विद्वत्सभेला दिलं तर त्यात कौतुक कसलं?

पैसा घामाचाच होता, यात वादच नाही. हंगेरीची राणी मारिया थेरेसा हिच्या १७६७ च्या नियमांनुसार पूर्ण आकाराची जमीन कसणाऱ्या भूदासाला मालकाच्या शेतावर वर्षाला ५२ दिवस जनावरांसह, नाहीतर १०४ दिवस नुसत्या हातांनी वेठ करावी लागे. पिकाचा नववा हिस्सा मालकाला, दशांश चर्चला. उमरावांना मात्र करमाफी.

म्हणूनच त्या देणगीपेक्षा मला सेचेन्यीचा बुडा आणि पेश्त (आजचं बुडापेस्ट) जोडणारा पूल मोठा वाटतो. डिसेंबर १८२० मध्ये त्याचे वडील वारले. डॅन्यूब नदीवरचा होड्यांचा पूल हिवाळ्यात काढून ठेवलेला, त्यामुळे अंत्यविधीला निघालेला सेचेन्यी पेश्तच्या काठावर अडकून पडला. कायमच्या पुलाचा ध्यास त्याने तेव्हापासून घेतला, ही हकिकत सगळेच सांगतात. पण खरी लढाई टोलची होती. होड्यांच्या पुलावरून उमराव फुकट जायचा आणि बाजाराला माल घेऊन निघालेला शेतकरी पैसे मोजायचा. १८३६ च्या कायद्याने नव्या पुलावर सगळ्यांनाच टोल लागू झाला. उमरावांचा संताप झाला, कारण आज पुलावर पैसे दिले की उद्या कर भरावा लागणार, हे त्यांना नेमकं कळलं होतं. सेचेन्यीला तेच तर हवं होतं!

त्याआधी, १८३० च्या ‘हितेल’ (म्हणजे ‘पत’ किंवा ‘कर्ज’) या पुस्तकात त्याने वेठीवरच बोट ठेवलं होतं: जबरदस्तीची मजुरी रडतखडत होते, त्यात मालकाचंही नुकसानच. शिवाय वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही, म्हणून सावकार त्यावर कर्ज देत नाही. हे लिहिणारा स्वतः प्रचंड जमिनीचा धनी होता. १८४८ मध्ये भूदासपद्धत मोडणारे कायदे झाले, तेव्हा तो मंत्रिमंडळात होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मन खचलं आणि व्हिएन्नाजवळच्या डोब्लिंगच्या मनोरुग्णालयात त्याला नेलं. २० नोव्हेंबर १८४९ ला पूल खुला झाला, तेव्हा तो तिथेच होता. १८६० मध्ये तिथेच त्याने स्वतःला संपवलं.

टीका करायचीच तर त्याच्या सावधपणावर करा. लायोश कोशुत हा जहाल सुधारक नेता घाई करून देश बुडवेल, असं त्याला वाटे. बदल वरूनच, उमरावांच्या हातून व्हावा, हा त्याचा आग्रह. भूदासाने अजून किती वर्षं थांबायचं, हा प्रश्न तिथे चपखल बसतो. त्यावर जरूर लिहा, माझंही काही म्हणणं आहे.