डॉजर्सची तिकिटं मागू नका, शेजारचा कॅम्प बघा

फेब्रुवारी लागला की आमच्या फिनिक्सच्या मराठी ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, डॉजर्सच्या (लॉस एंजेलिसची बेसबॉल टीम) स्प्रिंग ट्रेनिंगची, म्हणजे सिझनआधीच्या कॅम्पची, तिकिटं कुणाकडे एक्स्ट्रा आहेत का, पोरांना ओतानी बघायचाय. बघा की, कोण नाही म्हणतंय, माणूस बॉलिंग पण करतो आणि बॅटिंग पण, आणि 70 कोटी डॉलरचा करार आहे त्याचा. पण मग तुम्ही चार तास ट्रॅफिक, पार्किंग, रांग हे सगळं करून जाता आणि तो दोनदा बॅटिंगला येऊन आत निघून जातो, आणि मग ग्रुपवर येऊन म्हणता, "काय बोअर झालं यार, सातव्या इनिंगला कोण खेळत होतं तेच कळेना." अहो कळणार कसं? तेव्हा मैदानात 80-90 नंबरची जर्सी घातलेली पोरं असतात, काहींच्या पाठीवर नावसुद्धा नसतं. आणि माझं म्हणणं असंय की बघायची तीच असतात.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही (म्हणजे पुण्यातली माझी अर्धी फ्रेंडलिस्ट) त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीग बेसबॉलच्या 30 टीम आहेत, त्यातल्या 15 तयारीसाठी आमच्याकडे ॲरिझोनात येतात आणि 15 फ्लोरिडाला जातात. फेब्रुवारीच्या मध्यात आधी पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो पकडणारे) हजर होतात, कारण खांद्याला हळूहळू लोड द्यावा लागतो, मग बाकीचे येतात, मग महिनाभर सराव सामने, ज्यांचे आकडे कुठल्याच रेकॉर्डमध्ये धरत नाहीत. कॅम्पला पन्नास-साठ जण असतात आणि सिझन सुरू होताना टीममध्ये जागा 26. बाकीच्यांना एक एक करून मॅनेजरच्या ऑफिसात बोलावणं येतं.

तर ग्लेनडेलला कॅमलबॅक रँच म्हणून जागा आहे, 2009 साली सुरू झाली, तिथे डॉजर्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स दोघांचा कॅम्प एकाच आवारात असतो. स्टेडियम एकच, बाजूची प्रॅक्टिस ग्राउंड्स वाटून घेतलेली, मधे तळं बिळं आहे. आता गंमत बघा. 2024 मध्ये डॉजर्स वर्ल्ड सिरीज (म्हणजे लीगची फायनल) जिंकले आणि त्याच वर्षी व्हाइट सॉक्स 162 पैकी 121 मॅच हरले. एकशे एकवीस! 1962 च्या मेट्सचा 120 पराभवांचा जुना रेकॉर्ड मोडला त्यांनी, मधे सलग 21 हरले ते वेगळंच. म्हणजे जगातली सगळ्यात भारी टीम आणि आधुनिक बेसबॉलमधली सगळ्यात जास्त मार खाल्लेली टीम पुढच्या फेब्रुवारीत एकमेकांच्या शेजारी उभं राहून तेच ड्रिल करत होत्या. तेच म्हणजे अक्षरशः तेच. कोच पहिल्या बेसच्या (बॅटरने पळत गाठायचा पहिला टप्पा) बाजूला ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा बॉल, मारतो, पहिल्या बेसवाला बॉल उचलायला पुढे येतो, त्यामुळे बेस रिकामा, म्हणून पिचरने बॉल टाकायच्या उंचवट्यावरून तिरकं पळत जायचं, लाइनजवळ वळायचं, पळता पळता बॉल घ्यायचा आणि न बघता पायाने बेस शोधायचा. परत. परत. शाळेत पाढे म्हणून घ्यायचे तसं, कोटींचा पिचर असो नाहीतर काल ट्रिपल ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) मधून आलेला, सुटका नाही. आणि हे फालतू वाटत असेल तर 2024 च्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच आठवा, यांकीज 5-0 ने पुढे होते आणि त्यांचा पिचर गेरिट कोल पहिल्या बेसवर गेलाच नाही, त्याच इनिंगला डॉजर्सनी 5-5 केलं आणि शेवटी कप घेऊन गेले.

मी व्हाइट सॉक्सच्या बाजूला उभी राहते. कारण सांगते.

डॉजर्सच्या कॅम्पमध्ये सस्पेन्स काय असतो? कुणाचा खांदा दुखतोय एवढाच. टीम ठरलेली असते. व्हाइट सॉक्सकडे 2025 च्या कॅम्पला निम्म्या जागा मोकळ्या होत्या, नवीन मॅनेजर विल व्हेनेबल, आणि तिथे एक शेन स्मिथ नावाचा पिचर होता. कॉलेजनंतर याला कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं (नव्या पोरांच्या निवडीत घेतलं नव्हतं), नंतर ब्रूअर्स टीमच्या मायनर लीगमध्ये (मुख्य टीमच्या खालच्या, पोरं तयार करणाऱ्या टीम) होता, तिथून सॉक्सनी याला रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये उचलला. ही भानगड अशी की दुसऱ्या टीमने मायनर लीगमध्ये ठेवलेला, 40 जणांच्या यादीत न घेतलेला खेळाडू एक लाख डॉलर भरून घेता येतो, पण त्याला पूर्ण सिझन मुख्य 26 मध्येच ठेवायचं, खाली पाठवायचं असेल तर आधी जुन्या टीमला परत ऑफर करायचा. त्यामुळे त्याच्यासाठी कॅम्प म्हणजे आर या पार. तो टिकला, स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) झाला आणि जुलैमध्ये ऑल-स्टारला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, गेला. हां, प्रत्येक टीममधून एक तरी घ्यावाच लागतो हे मान्य, पण एकच घेतला आणि तो हा होता ना! टीम तरी 102 हरलीच, पण 121 वरून 102, म्हणजे आमच्यासाठी दिवाळी.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं टाइप करतेय. लोक या कॅम्पला "पेड व्हेकेशन" म्हणतात. ऊन, बिअर, हिरवळीवर चादर टाकून लोळायचं. प्रेक्षकांसाठी आहेच ती व्हेकेशन. पण मागच्या ग्राउंडवरच्या मायनर लीगच्या पोरांसाठी ती कित्येक वर्षं "पेड" पण नव्हती!! पगार फक्त सिझनचे पाच-सहा महिने, कॅम्पमध्ये राहायचं-खायचं आणि थोडा भत्ता. सकाळी उजाडायच्या आत हजर व्हायचं, दुपारपर्यंत राबायचं, आणि पगार शून्य. मेजर लीगवाल्यांचा पगार पण सिझन सुरू झाल्यावरच सुरू होतो, पण त्यांना काय फरक पडतो.

2014 मध्ये ॲरन सेने नावाच्या माजी खेळाडूने आणि आणखी काही जणांनी या पगारावरून लीगवर केस टाकली. त्यांचा एक वकील गॅरेट ब्रोशस, हा स्वतः सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मायनर लीगमध्ये पिचर होता, खेळ सोडून लॉ केलं आणि ही केस लढला, म्हणजे सिनेमातच शोभेल असं. केस चालू असतानाच 2018 मध्ये सरकारच्या दोन हजारहून जास्त पानांच्या खर्चाच्या बिलात कुठेतरी आत मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून बऱ्यापैकी बाहेर काढणारं कलम घुसवलं, आणि नाव काय दिलं तर "सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट". वा! आणि कोर्टात लीगचं म्हणणं काय, तर कॅम्पमध्ये ही मुलं ट्रेनिंग घेतायत, फायदा त्यांचाच होतोय. हे वाचलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना, कारण "शिकायला मिळतंय ना, पैसे कसले मागता" हे वाक्य आपल्याकडे कुठल्या ऑफिसात ऐकलं नाही सांगा. माझी पहिली नोकरी तीन महिने याच वाक्यावर चालली होती (कंपनीचं नाव नको, अजून चालू आहे ती).

2022 च्या मार्चमध्ये जजनी सांगितलं की ही पोरं कर्मचारीच आहेत, ट्रेनी नाहीत, आणि ॲरिझोना-फ्लोरिडातल्या कॅम्पचे पैसे त्यांना मिळायला पाहिजेत. मग लीगने 18.5 कोटी डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी मायनर लीगवाले युनियनमध्ये आले आणि 2023 मध्ये पहिला करार झाला, ट्रिपल ए चा किमान पगार वर्षाला 17,500 वरून 35,800 डॉलर, सगळ्यात खालच्या लेव्हलला 4,800 वरून 19,800. अमेरिकेत 19,800 म्हणजे काही श्रीमंती नव्हे, फिनिक्समध्ये एक बेडरूमचं भाडं भरून हातात काय उरतं ते इथल्या लोकांना विचारा. पण निदान तयारीला काम म्हणतात आता.

मध्येच एक क्रिकेटचं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही अमेरिकेत जाऊन बदलली. 2024 ला आपली टेस्ट टीम ऑस्ट्रेलियाला गेली ती पर्थच्या आधी बाहेरच्या एकाही टीमशी सराव सामना न खेळता. आणि पर्थ 295 रनांनी जिंकलो, त्यामुळे तयारी लागतेच हा माझा मुद्दा इथे जरा लंगडा पडतो, पण सिरीज 3-1 ने गेली ती पण लक्षात ठेवा 😄

तर यंदा, म्हणजे 2026 ला, सॉक्सच्या बाजूला मुनेताका मुराकामी येतोय, जपानमध्ये 2022 ला 56 होम रन (आपल्या सिक्सरसारखे) मारलेला, दोन वर्षांचे 3.4 कोटी डॉलर. मारतो लांब पण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की आउट) पण भरपूर होतो, वेगवान बॉलवर त्याचं काय होतं ते मार्चमध्ये थोडं तरी दिसेल. सॉक्सच्याच कोल्सन मॉन्टगोमरीने गेल्या वर्षी अर्धाच सिझन खेळून 21 होम रन मारले, त्याला आता सगळे पिचर अभ्यास करून येणार. आणि यंदापासून अंपायरच्या स्ट्राइक की बॉल या निर्णयाला चॅलेंज करता येणार, डोक्यावर टपली मारून, प्रत्येक टीमला मॅचला दोन, बरोबर आलं तर चॅलेंज शिल्लक राहतं. मॅनेजरला विचारायचं नाही, फक्त बॅटर, पिचर नाहीतर कॅचर, लगेच ठरवायचं. त्याची पण प्रॅक्टिस आताच होणार, आणि मला खात्री आहे की कॅचर लोक शहाण्यासारखे वापरतील आणि पिचर रागाच्या भरात वाया घालवतील.

ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी लवकर या, टोपी आणि पाणी आणा, स्टेडियमच्या आत न जाता आधी मागच्या ग्राउंडच्या जाळीपाशी उभे राहा, आणि 90 नंबरवाला कोण ते मला विचारू नका, रोस्टर (खेळाडूंची यादी) फोनवर डाउनलोड करा. डॉजर्सची एक्स्ट्रा तिकिटं माझ्याकडे नाहीत, असती तर विकली असती.